झाड पडण्याआधी अर्ज

पावसाळा तोंडावर आला की वटारच्या आळ्यांत एकच बोलणे : रस्त्यावरच्या झाडाच्या फांद्या कौलांवर आल्या, तारांना टेकल्या, पण कोणी दखल घेत नाही. आम्ही विचारतो, ‘अर्ज दिला का?’ उत्तर येते, ‘तोंडी सांगितले होते.’ बंधू-भगिनींनो, तोंडी तक्रारीला आवक क्रमांक मिळत नाही!

जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका पादचारी महिलेचा जीव गेला. ते झाड काढण्यासाठी आधीच अर्ज झाला होता; पाहणीत ते धोक्याचे नाही, असे ठरले होते. म्हणून एका नकारावर थांबू नये, फेरपाहणी मागावी.

मात्र स्वतः कोयता उचलू नका. शहरी भागातील झाडांसाठीच्या १९७५ च्या कायद्यात झाड जाळणे, त्याला इजा करणे हेही ‘तोडणे’च ठरते. परवानगी वृक्ष प्राधिकरणाची लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

अर्जात झाडाची जात, नेमकी जागा व धोका लिहा, फोटो जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तारांचा प्रश्न असेल तर वीज कार्यालयालाही प्रत द्या. हालचाल नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचे काय झाले ते विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मागणी छाटणीची करा, सावली घालवू नका. आणि आळीतल्या दहा घरांच्या सह्या घ्या. एकट्याचा कागद फायलीत खाली जातो, दहा सह्यांचा वर राहतो, हे आम्ही कारकुनीच्या अनुभवाने सांगतो.