विश्लेषण : बोंडू चंदगडचा, फेणी मात्र घाटापलीकडची!

फ्रान्सच्या नॉर्मंडीत पर्यटक सफरचंदाच्या बागांत मुक्काम करतात, सायडर चाखतात आणि त्याच रसापासूनची ब्रँडी, म्हणजे कॅल्व्हाडोस, ओकच्या पिंपांशेजारी उभे राहून पितात. चंदगड तालुक्यात सफरचंद नाही, पण काजूचे बोंड आहे. मार्च-एप्रिलमध्ये इथल्या बागांत पिकलेल्या बोंडांचा आंबूस-गोड वास दरवळतो. बी काढून घेतली जाते आणि बोंड बहुतेकदा झाडाखालीच सडते. चाखण्यासाठी सहल आखायची, तर हाच हंगाम.

चाखायचे काय?

पिकून पडलेले बोंड उन्हाळ्यात दिवसभरही टिकत नाही, त्यामुळे रस लगेच काढावा लागतो. गोव्यात खाली पडलेलीच फळे वेचतात, तुडवतात आणि चोथ्यावर वजन ठेवतात. त्यातून ठिबकणारा ताजा रस म्हणजे नीरो. तो मादक नसतो, घशाला किंचित खरखरतो आणि सकाळीच प्यावा. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक निघते, साधारण १५ टक्के मद्यार्काची. ती मीठ, लिंबू आणि चिरलेल्या हिरव्या मिरचीसोबत घेतात. हंगाम सरला की हुर्राकही सरते. दुसऱ्यांदा गाळली की फेणी होते, ४२ टक्क्यांच्या आसपासची. तिचा उग्र वास पहिल्या घोटाला अनेकांना नकोसा वाटतो, म्हणून थोडीच घ्यावी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, तरी फेणी गोव्याचीच.

मुक्काम कुठे?

पहिली रात्र चंदगड किंवा तिलारीनगर परिसरात काढावी. पहाटे स्वप्नवेल पॉइंटवरून दरी पाहावी, वेळ असेल तर पारगडही करावा. बागेत जायचे असेल, तर मालकाला विचारूनच. पडलेली बी ही त्याची वर्षभराची कमाई असते. दुसऱ्या दिवशी तिलारी घाट उतरून दोडामार्गमार्गे डिचोली किंवा सत्तरी गाठावी. घाटाचा उतार तीव्र आहे, तो दिवसाउजेडी आणि न पिता उतरावा. भट्टी पाहायची, तर आधी फोन करून जावे आणि चाखल्यावर रात्र गोव्यातच काढावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काच्या वर गाडी चालवणे गुन्हा आहे आणि फेणीला ती मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

बाटली घरी आणता येते का?

सहलीचा सर्वात मोठा घोटाळा इथेच होतो. गोव्यात कायदेशीर विकत घेतलेली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. ‘एकच तर आहे’ हा युक्तिवाद नाक्यावर चालत नाही. घरी भट्टी लावणे तर त्याहून गंभीर. फेणी चाखावी आणि तिथेच ठेवून यावी.

मग चंदगडचे काय?

राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये काजूबोंड आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. आपल्याच बांधावरच्या फळाचे मद्य विदेशी ठरावे, हा सरकारी भाषेचा विनोद. निर्णयाचा हेतू मात्र योग्य होता. देशी दारूचा शिक्का पुसला तर चांगले दर मिळतील आणि बोंडाला गिऱ्हाईक तयार होईल. पण कागदावरचा वर्ग बदलल्याने भट्टी पेटत नाही. बोंड गोळा करणारी यंत्रणा, त्याच दिवशी रस काढण्याची सोय आणि छोट्या उत्पादकाला परवडणारा परवाना असे सगळे एकत्र आले, तरच काजू प्रक्रिया करणाऱ्या या तालुक्यात बोंडालाही भाव मिळेल. तोवर चंदगडला आलेला पर्यटक बी इथून विकत घेणार आणि रसाचे पैसे घाट उतरून गोव्यात मोजणार.