'तांत्रिक कारण' आणि प्रवाशाचा विश्वास

गेल्या वर्षी पुण्याहून दिल्लीस निघालेले एक विमान उड्डाणानंतर वीसेक मिनिटांनी माघारी वळले. प्रस्तुत लेखक त्या विमानात होता. 'काही तांत्रिक कारणास्तव' आपण पुण्यास परत जात आहोत, एवढेच ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले. शेजारी विट्याकडचे एक गलाई व्यावसायिक बसले होते. सोन्याचांदीच्या गलाईच्या निमित्ताने खानापूर-आटपाडीकडील ही मंडळी देशभर विखुरलेली, त्यामुळे विमान त्यांना आता एस.टी.इतकेच परिचयाचे. तरीही त्यांनी हळूच विचारले, "सर, एक इंजिन बंद पडलं असंल का हो?" प्राध्यापकाला सगळे ठाऊक असते, या समजुतीने विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. विमान सुखरूप उतरले. तेलाचा दाब घसरल्याने एक इंजिन बंद करावे लागले होते, हे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रातील चार ओळींवरून कळले.

वस्तुतः वैमानिकाने जे केले ते सर्वथा योग्य होते. ते आम्हास कोणी सांगितले नाही, एवढीच तक्रार.

दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकेल अशाच बेताने बांधलेले असते. धावपट्टीवर एक ठराविक वेग गाठल्यानंतर एक इंजिन बंद पडले, तर थांबण्याचा प्रयत्न न करता उरलेल्या इंजिनावर वर जावयाचे, हा नियम असून त्याचा सराव वैमानिकांकडून वारंवार करून घेतला जातो. जवळच्या विमानतळापासून तीन तासांच्या अंतरापर्यंत समुद्रावरून नेण्याची परवानगी दोन इंजिनांच्या विमानास हवी असेल, तर त्या जातीची इंजिने हवेत बंद पडण्याचे प्रमाण ५०,००० तासांत एकदा, याहून अधिक असता कामा नये, अशी अट आहे. ५०,००० तास म्हणजे अहोरात्र चालणारी जवळजवळ पावणेसहा वर्षे! तासगावच्या द्राक्षबागायतदाराला आपल्या विहिरीवरील इंजिनाचा अनुभव आठवून पाहावयास सांगितले, तर या आकड्याचा अर्थ त्यास कोणत्याही तज्ज्ञापेक्षा लवकर कळेल.

परंतु इंजिन बंद पडणे निराळे आणि इंजिन फुटणे निराळे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरव्हेल विमानाची आठवण जुन्या वाचकांस असेल. त्या दिवशी नेमलेल्या बोइंग विमानाच्या इंजिनात बिघाड झाला म्हणून प्रवाशांना या दुसऱ्या विमानात बसविण्यात आले, आणि नेमके याचेच उजवे इंजिन उड्डाण होताच फुटले. धातू थकून इंजिनातील एका चकतीस तडा गेला होता. फुटलेल्या चकतीच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली, आग लागली आणि विमान आवरण्याची यंत्रणाच निकामी झाली. वैमानिक विमान सांताक्रूझच्या धावपट्टीकडे परत आणीत असता ते अलीकडेच कोसळले. विमानातील सर्वच्या सर्व ९५ माणसे गेली. पंख्याचे पाते तुटले तर ते इंजिनाच्या कवचातच अडकून राहावे, अशी रचना आज केलेली असते व मुद्दाम पाते तोडून तिची परीक्षा घेतली जाते. मात्र अवजड चकतीच फुटली तर तिला रोखील असे कवच नाही. तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे तडा आधी शोधणे. म्हणजे पुन्हा तपासणी करणारा माणूस आला, आणि त्या माणसावर देखरेख ठेवणारे सरकारही आले.

भीतीचे गणित आकड्यांवर चालत नाही, हे खरे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. आम्ही सातारा-सांगलीकर खंबाटकीचा बोगदा ओलांडून त्या कुप्रसिद्ध वळणावरून मध्यरात्री डुलक्या घेत पुण्यास जातो, आणि लोहगावला पोहोचल्यावर देवाचे नाव घेतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून मोटार धरली. त्यामुळे वर्षभरात रस्त्यावर सुमारे १,५०० अधिक माणसे दगावली, असा गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाचा अंदाज आहे.

म्हणून प्रवाशाच्या भीतीस अडाणीपणा म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. मोटारीचे ब्रेक लागत नसतील तर आपणास जाणवते. विमानाच्या प्रवाशास काहीच जाणवत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्यास जे माहीत असते ते घेणाऱ्यास माहीत नसेल, तर चांगल्या मालाची कदर होत नाही. तिकिटाचा दर प्रवाशास दिसतो, इंजिनाची देखभाल दिसत नाही. स्पर्धा मग दिसणाऱ्या गोष्टीतच चालते. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी दिवाळखोरीत गेली. सदोष इंजिनांमुळे निम्म्याच्या आसपास विमाने जमिनीवर उभी असल्याचे तिने सांगितले, तेव्हा कोठे सामान्य प्रवाशास या प्रकरणाचा पत्ता लागला.

उलट, मार्च २०१८ मध्ये इंजिनातील दोषामुळे इंडिगो व गो एअर यांची मिळून ११ विमाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने थांबविली, तेव्हा तो आदेश उघडपणे जाहीर झाला. गैरसोय झाली, कुरकुरही झाली, पण लोकांनी विमानाकडे पाठ फिरविली नाही.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस एअर इंडियाचे विमान पडले. विमानातील २४१ व जमिनीवरील १९ माणसे गेली, त्यांत महाराष्ट्रातील कित्येक. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद करणाऱ्या कळी उड्डाणानंतर लगेच एकापाठोपाठ बंद स्थितीत गेल्या, असे महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात म्हटले होते. एका वैमानिकाने दुसऱ्यास 'इंधन का बंद केलेस' असे विचारले आणि दुसऱ्याने 'मी केले नाही' असे उत्तर दिले, हेही त्यात होते. संभाषणाचा पूर्ण उतारा मात्र दिलेला नव्हता, आणि कोण बोलले हेही नव्हते. ती रिकामी जागा लोकांनी आपापल्या कल्पनेने भरली, व बोलण्यास जिवंत नसलेल्या माणसांवर शंका घेतल्या गेल्या. अर्धे सांगणे हे कधी कधी न सांगण्याहून वाईट ठरते, याचा असा दुसरा दाखला नाही.

चौकशी करणारी यंत्रणा आणि महासंचालनालय, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छायेत आहेत. अमेरिकेत हे काम स्वतंत्र मंडळाकडे असते. शिवाय महासंचालनालयातील १,०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ भरलेली असल्याचे २०२५ मध्ये संसदीय समितीपुढे आले. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून इंजिनातला तडा कोण शोधणार? आमच्या जिल्ह्यांतील नेते कवलापूर आणि कराडच्या विमानतळांविषयी उत्साहाने बोलतात. त्यांनी या रिक्त पदांविषयीही संसदेत एखादा प्रश्न विचारावा. आणि हवेत बंद पडलेल्या प्रत्येक इंजिनाची नोंद, विमान कोणाचे, इंजिन कोणत्या जातीचे, कारण काय निघाले, यांसह दरमहा प्रसिद्ध व्हावी, तीही मराठीत. विट्याच्या त्या गृहस्थांनी दिल्लीचे दुसरे विमान त्याच रात्री पकडले. जाताना मला म्हणाले, "इंजिन बंद पडल्याचं काय न्हाई सर, आमच्या भट्टीचा पंखापण पडतो बंद. पण आमी गिऱ्हाइकाला सांगतो."