ऊसतोड कुटुंबांतील तीन वर्षांखालील बाळांच्या विकासाबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
एकात्मिक बालविकास सेवा योजना, महाराष्ट्र राज्य, नवी मुंबई.

विषय : ऊसतोडीच्या हंगामात आईबरोबर फडावर जाणाऱ्या बाळांची विकास तपासणी व सुरक्षित जागेची सोय होणेबाबत.

महोदय,

आम्ही बीड जिल्ह्याच्या धारूर, वडवणी आणि शिरूर कासार तालुक्यांतील ऊसतोड माता व अंगणवाडी सेविका आहोत. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांचे नेलेले बाळ परत येते तेव्हा वर्षाचे झालेले असते. बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, पहिला शब्द, सगळे याच काळातले.

माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात काय यायला हवे, ते चित्रांसह छापलेले आहे. बाळाला पालथे घाला, जमिनीवर मोकळे सोडा, त्याच्याशी बोला, असे आम्ही सेविका आयांना सांगतोही. पण फडावर सोडायचे कुठे? अंधार असतानाच तोड सुरू होते. एकीकडे कोयते चालतात, दुसरीकडे ट्रॅक्टर मागेपुढे होतो, खाली धारदार पाचट. म्हणून तान्हे बाळ झोळीत राहते आणि रांगते झाले की कमरेला ओढणी बांधून गाडीच्या चाकाला अडकवावे लागते. त्याचा जीव सांभाळायला आईजवळ दुसरा उपाय नाही. धडपडायच्या वयात त्याला हातभर ओढणीपुरतीच मोकळीक मिळते.

आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी हीच आहे. कोप्यांच्या प्रत्येक मोठ्या वस्तीवर सावलीची, सारवलेली, कुंपण घातलेली जागा असावी आणि तिथे तोड सुरू होण्याच्या वेळेपासून सेविका असावी. सकाळी दहाला उघडणारी अंगणवाडी या आयांच्या कामाची नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा करायची असते. आरोग्य विभागाशी बोलून त्यातली एक फेरी टोळ्या निघण्यापूर्वी गावात आणि दुसरी हंगामात कारखाना परिसरात ठरवून द्यावी. पोषण ट्रॅकरवर बाळाच्या स्थलांतराची नोंद झाली, की तिथल्या सेविकेने त्याचे वजन-उंचीच नव्हे, तर विकासाचे टप्पेही पाहावेत.

दीड वर्षाचे होऊनही बाळ चालत नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल, तर त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे लागते. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आई दवाखान्यात गेली, की खाडा पडतो आणि उचलीच्या हिशेबातून पैसे कापले जातात. अशा दिवसाची मजुरी व प्रवासखर्च ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत मिळावा, यासाठी आपण शिफारस करावी. त्याशिवाय केंद्रात पाठवायची चिठ्ठी देऊन उपयोग होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

यंदाच्या टोळ्या निघण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
ऊसतोड माता व अंगणवाडी सेविका
(स्वाक्षऱ्या व अंगठे सोबत जोडले आहेत.)