दात नवे, सूर जुने

पगारातून घरी जे पैसे जातात त्यांचं काय काय होतं? फ्रिज, बाथरूमच्या टाइल्स, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणि एक आयटम असा, जो आपण ऑफिसच्या कँटीनमध्ये कधीच सांगत नाही: आईची किंवा बाबांची कवळी. फोन घेताना चाळीस रिव्ह्यू वाचणारे आपण या बाबतीत अगदीच भाबडे असतो. डॉक्टर विचारतात, "चावायला नीट आलं म्हणजे झालं ना?" आपण म्हणतो, "हो, आणि दिसायलाही बरी असू दे." विषय संपला! माणूस तोंडाने आणखी काय काय करतो, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात येत नाही.

माझा रत्नागिरीचा मामा तोंडाने माउथ ऑर्गन वाजवतो.

मामा एसटीत कंडक्टर होता. मुक्कामाची गाडी घेऊन आडगावात जायचं, रात्री गाडीतच पथारी टाकायची, लाइट नाही, करमणूक नाही. त्यात तो वाजवायला शिकला. स्टॉक सगळा सिनेमाचा. 'सोलवा साल' (१९५८) मधलं देव आनंदचं ट्रेनमधलं गाणं, ज्यात माउथ ऑर्गन वाजवलाय खुद्द आर. डी. बर्मनने. मग 'दोस्ती' (१९६४): संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, पण माउथ ऑर्गन पुन्हा आरडीचाच. आणि अर्थात 'शोले' (१९७५). संध्याकाळी जया भादुरी दिवे मालवत जाते आणि अमिताभ पायरीवर बसून वाजवतो, ते सूर भानू गुप्तांचे. मामाच्या मते त्या सीनमध्ये अमिताभने फक्त बसायचं काम केलंय.

गेल्या वर्षी पायरियाने उरलेसुरले दात काढावे लागले आणि वर-खाली पूर्ण कवळी आली. कवळी झक्कास बसली. बरक्या फणसावर दिवस काढणारा मामा परत कापा खायला लागला. पण माउथ ऑर्गन ओठाला लावला की वरची कवळी टपकन खाली. दोन-तीनदा झालं आणि त्याने तो कपाटात टाकला. घरच्यांनी सुचवलं, पेटी शीक. तीही रीडवरच वाजते! मामा म्हणाला, "पेटीला भाता असतो गो. याला माझा श्वास लागतो."

यात नुसती भावुकता नाही, टेक्निकल पॉइंट आहे. साध्या माउथ ऑर्गनला १० भोकं आणि २० रीड. फुंकलं की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. पण खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत चक्क नसतात. ते काढायचे तोंडाच्या आत. म्हणजे 'सी'च्या माउथ ऑर्गनवर पहिल्या भोकाचा फुंकलेला सूर सा धरला, तर तिसऱ्या भोकात श्वास ओढून शुद्ध नी मिळतो. मग जीभ मागे-खाली नेत तोंडातली पोकळी बदलायची, की तोच सूर कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा उतरत जातो. जिभेला हे सगळं जमतं ते टाळूच्या अंदाजाने. आणि वरच्या पूर्ण कवळीने नेमकी टाळूच झाकलेली असते, साधारण २ मिलिमीटर ॲक्रिलिकने. आपल्याच घरात कुणी रात्रीतून फॉल्स सीलिंग बसवावं, तसं!

पुढचं समजायला मी दोन-तीन डेंटिस्टना गाठलं. वरची कवळी टिकते लाळेच्या पातळ थरावर आणि कडेने हवा आत न येण्यावर. माउथ ऑर्गन पुढच्या दातांना खालून रेटला की ती पुढे उचलली जाते, मागून हवा शिरते आणि खेळ खल्लास. तेव्हा तो दातांना टेकताच कामा नये. ओठांच्या आतल्या ओल्या भागाने हलकेच धरायचा. खालची कवळी तर नालाच्या आकाराची, तिला जीभ आणि गालाचे स्नायूच सांभाळतात. जीभ सुरांच्या मागे गेली की ती मोकाट. म्हणूनच २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं, की खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय मानावा. वर पुरेसे इम्प्लांट असतील तर टाळू उघडी ठेवणारी कवळीही होऊ शकते. खर्चिक आहे, मान्य. पण निदान ऑप्शन आहे हे माप घेण्याआधी कळायला हवं की नाही? मामाला ते कुणी सांगितलं नाही, कारण तो वाजवतो हे कुणी विचारलंच नाही. खरं तर पहिल्याच अपॉइंटमेंटला वाद्य खिशात घेऊन जावं आणि खुर्चीत बसून वाजवून दाखवावं.

दात काढल्यावर लगेच मात्र अजिबात वाजवायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती ओढण्या-फुंकण्याने निघाली तर हाड उघडं पडतं आणि भयंकर ठणकतं. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांनाच विचारा. वरच्या दाढा असतील तर नक्कीच, कारण त्यांच्या डोक्यावरच सायनस असतं. नवी कवळी आली की सुरुवातीला लाळही जास्त सुटते आणि ती रीडमध्ये जाते. ज्या माउथ ऑर्गनचा आतला सांगाडा लाकडाचा असतो, तो अशाने फुगतो. त्यात आपली कोकणातली हवा! प्लॅस्टिकचा बरा.

मामाने कवळी आतून पुन्हा भरून घेतली. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हिरडीखालचं हाड झपाट्याने झिजतं, त्यामुळे ती नाही तरी सैल झाली होतीच. आता रोज संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर जाऊन दहा मिनिटं एकच सूर लांबवत बसतो. गेल्या रविवारी फोनवर रिपोर्ट दिला: "कोमल नी आला. कोमल ध अजून पळतोय. पण खालची कवळी काढून खिशात टाकली की 'दोस्ती' पूर्ण होते बघ."

मामीचं त्यावर एवढंच म्हणणं आहे, की खिशात टाकायची तर रुमालात गुंडाळून टाक, सुट्ट्या पैशांत नको.