एका घराला दोन पॅन : सवलत नेमकी कोणाला?

आयकर खात्याचे पॅन कार्ड आज बहुतेक नोकरदारांच्या खिशात असते. त्यावरचा दहा अक्षर-अंकांचा क्रमांक मात्र फार थोडे लोक नीट वाचतात. आधी पाच अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर. यातील चौथे अक्षर हा करदाता कोण आहे ते सांगते. 'पी' म्हणजे व्यक्ती, 'सी' म्हणजे कंपनी, 'एफ' म्हणजे भागीदारी संस्था आणि 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. धर्मनिरपेक्ष राज्याच्या करक्रमांकात हा 'एच' कशासाठी, हे आपल्या समाजाने समजून घेतले पाहिजे.

ब्रिटिशांच्या १९२२ च्या आयकर कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता होता. १९६१ च्या कायद्याने तो तसाच ठेवला आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही ठेवला. त्यामुळे कर्त्याचा स्वतःचा पॅन वेगळा आणि कुटुंबाचा वेगळा. विवरणपत्रे दोन आणि करमुक्त मर्यादाही दोन. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार नव्या करप्रणालीत ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. ती एकदा व्यक्तीला मिळते आणि त्याच घरात पुन्हा कुटुंबालाही मिळते.

मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबाला हा दुसरा क्रमांक मिळत नाही. बौद्ध, जैन, शीख कुटुंबाला मिळू शकतो, कारण १९५६ च्या वारसा कायद्याने त्यांना हिंदूंच्याच रांगेत बसविले आहे. त्याच वर्षी नागपूरला लाखोंनी हिंदू धर्माचा त्याग केला. तरीही बौद्ध कुटुंबाला हा पॅन काढायचा तर तो 'हिंदू' या नावाखालीच काढावा लागतो!

खरी मेख याच्याही पुढे आहे. पगार आणि मजुरी ही व्यक्तीचीच कमाई धरली जाते. ती कुटुंबाच्या पॅनवर दाखविता येत नाही. स्वकष्टाने घेतलेले घर कुटुंबाच्या नावे केले तरी त्याचे भाडे त्या व्यक्तीच्याच उत्पन्नात मोजले जाते. वडिलोपार्जित वाड्याचे किंवा दुकानाचे भाडे मात्र खुशाल कुटुंबाचे ठरते. मग ही सवलत मुख्यतः कोणाची? ज्यांचे आजे-पणजे इस्टेट ठेवून गेले त्यांची. सफाई कामगाराच्या, बांधकाम मजुराच्या घरातही चार माणसे एकाच चुलीवर जेवतात. त्यांचे कुटुंब कायद्याला का दिसत नाही?

जन्माने मिळणारा हा सामाईक हक्क मोडून प्रत्येकाला स्वतंत्र वाटा द्यावा, अशी हिंदू कोड बिलाची दिशा होती. ते बिल रखडविले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. १९५६ च्या कायद्याने जुनी सहदायाद पद्धत जिवंत ठेवली. देशभरातील मुलींना तीत समान हक्क मिळायला २००५ साल उजाडले. लग्न होऊन आलेली पत्नी आजही सदस्य आहे, पण तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. केरळने मात्र १९७६ मध्ये अविभक्त कुटुंबाची ही पद्धतच कायद्याने संपविली. म्हणजे हे अशक्य नाही; प्रश्न इच्छाशक्तीचा आहे.

तोपर्यंत आपण काय करावे? घरातील प्रत्येक कमावत्या माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, स्वतःचा पॅन असलाच पाहिजे. पॅन काढला की कर लागतो, हा गैरसमज आहे. उलट पॅन नसेल तर बँकेच्या ठेवीवरील व्याजातून १० ऐवजी २० टक्के कपात होऊ शकते. आधारशी न जोडलेले बहुसंख्य पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले, तेव्हा नावातील फरक वेळीच दुरुस्त करून घ्यावा. एकट्या आईने वाढविलेल्या मुलांना डिसेंबर २०१८ पासून अर्जात वडिलांच्या नावाची सक्ती नाही, हेही वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे.

एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व आपण मतपेटीपुरते स्वीकारले. करवसुलीत मात्र काही घरांना दुहेरी मोजणीची मुभा आहे. सवलत द्यायचीच असेल तर ती सर्व धर्मांच्या, कष्टावर जगणाऱ्या कुटुंबांनाही द्या. नाहीतर हा 'एच' काढून टाका. ही मागणी आपल्या प्रतिनिधींनी संसदेत मांडली पाहिजे.