जरा सर की!

मार्गशीर्ष निम्मा सरला की बेळगावात कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि खेड्यापाड्यांत शेकोट्या पेटतात. आपल्या जिल्ह्याची थंडीसुद्धा दोन तऱ्हेची आहे. पश्चिमेला खानापूरकडे ती झाडीतून, धुक्यातून ओल्या पावलांनी येते. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या रानात मात्र ती कोरडी. उघड्या शिवारावरून वारा सुटतो आणि थेट कानाला झोंबतो. माझं माहेर बेळगावचं, मराठी. सासर मलप्रभेच्या काठचं, कन्नड. त्यामुळे दोन्ही थंड्यांशी माझी चांगली ओळख आहे.

थंडीच्या दिवसांत आम्ही जमेल त्या शनिवारी गावी जातो. मुलं बरोबर असतात. ती मला 'आई' म्हणतात आणि आजीला तिकडच्या रीतीप्रमाणे 'आयी'. अंगणातून हाक आली की अत्ती आणि मी दोघीही एकदम 'ओ' देतो!

गावच्या थंडीतली सुखं तशी साधीच. सकाळी तव्यावरून थेट ताटात पडलेली, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तिकडे तिला 'सज्जी रोट्टी' म्हणतात. तिच्यावर लोण्याचा गोळा आणि बाजूला कारळ्याची चटणी. कारळ्याला अत्ती 'गुरेळ्ळु' म्हणतात, माझी आई 'कारळं' म्हणते. पाट्यावरचा वास एकच! भोगीला दोन्ही घरांत तीच तिळाची बाजरी भाजली जाते, तेव्हा कुणाची रीत कुणी उचलली हा वाद घालण्यात अर्थ नाही.

मग शेतावर फेरी. मुरलेल्या ओलीवर वाढलेला शाळू, बांधाशी हरभरा. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पायांना आंबट दव लागतं. त्या पाल्यावर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पूर्वीच्या बायका रात्री त्यावर पातळ फडकं पसरून ठेवत आणि सकाळी पिळून 'आंब' काढून बाटलीत भरत. पोट बिघडलं की तीच बाटली बाहेर यायची. जानेवारीत शाळूचं कणीस दुधाळ होऊन भरलं की हुरडा. तिकडे तो 'सीतनी'. 'सिहि' म्हणजे गोड आणि 'तेने' म्हणजे कणीस, हे ठाऊक झालं की नाव आपोआप जिभेवर बसतं. शेणींच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरमागरम हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकायची. बोटं भाजतात, पण थांबवत नाही.

पण आज मला सांगायचं आहे ते न्हाणीघराविषयी.

आमच्या गावच्या घरात न्हाणीला, म्हणजे 'बच्चला'ला लागून तांब्याचा मोठा हंडा चुलीवर बसवलेला होता. खाली तुरीच्या काड्या, कापसाची खोडं, शेंगांची टरफलं. हंडा एक आणि घरात माणसं आठ-दहा. एकाची आंघोळ झाली की गार पाणी ओतायचं आणि ते तापेपर्यंत पुढच्याने थांबायचं. थांबायची जागा एकच, चुलीचं तोंड. तिथे पाटावर, उखळाच्या कडेवर, जागा मिळेल तिथे सगळे दाटीने बसायचे. नवी सून म्हणून आले तेव्हा मला कन्नड तोडकंमोडकंच येत होतं. जे आलं ते त्या चुलीपाशी आलं. कुणाच्या म्हशीने पाडकू दिलं, कुणाच्या मुलीचं ठरलं, हे ऐकता ऐकता क्रियापदं कानात बसली. 'थंडी भाळ ऐति' हे माझं पहिलं न अडखळता बोललेलं वाक्य. त्यात 'थंडी' आपलीच असल्याने निम्मं काम आधीच झालेलं होतं!

दोन वर्षांपूर्वी दिरांनी गीझर बसवला. योग्यच केलं. अत्तींनी सत्तरी ओलांडली आहे. लाकडं ओढणं, पहाटे उठून फुंकणी घेऊन बसणं आणि मग दिवसभर खोकणं किती दिवस चालायचं? चुलीचा धूर कवितेत छान वाटतो, छातीत नाही. ज्यांना तो रोज गिळावा लागतो त्यांना विचारा.

गीझर आला आणि पाणी दहा मिनिटांत तापू लागलं. रांग संपली. ज्याने त्याने आपली आंघोळ उरकावी, खोलीत जावं, पांघरुणात शिरून मोबाईल काढावा. सकाळी आठला घर भरलेलं असूनही शांत! एका रविवारी अत्ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "नीर कादावु, मंदि काणवल्रु." पाणी तापलं, पण माणसं दिसेनात.

त्यांना हंडा परत नको होता. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, ते कष्ट आता कुणाच्याच वाट्याला नकोत. हंडा जाऊन सोय झाली होती. गेली होती ती थांबण्याची जागा. एकमेकांची वाट बघत बसण्याच्या निमित्ताने जे बोलणं व्हायचं, त्याला दुसरं निमित्त उरलं नव्हतं. आठवडाभर एकटीने राहणाऱ्या बाईला रविवारी माणसं हवी असतात, नुसती पाहुण्यांची पादत्राणं दारात नकोत.

म्हणून आता शनिवारी संध्याकाळी आम्ही अंगणात शेकोटी करतो. गरज म्हणून नाही, बसायला म्हणून. मोठी नाही, मुद्दाम लहान. मोठ्या जाळाभोवती माणसं लांब लांब बसतात, लहान जाळाला जवळ यावं लागतं. अत्तींची खुर्ची वारा येतो त्या बाजूला, म्हणजे धूर त्यांच्याकडे जात नाही. शेजारच्या दोघी-तिघी पदर डोक्यावरून घेऊन येतात. रताळी निखाऱ्यात पुरली जातात. पहिल्या संध्याकाळी मुलं फोन घेऊनच बसली होती. रताळी सोलायला दोन्ही हात लागतात हे कळल्यावर फोन आपोआप खाली गेले.

तिथेच माझ्या धाकट्याला एक शोध लागला. शेजारच्या अज्जी आल्या तशा अत्ती त्याला म्हणाल्या, "जरा सरि." तो सरकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, आयी मराठी बोलली!" मी म्हटलं, "नाही रे, ते कन्नडच." आपण 'जरा सर' म्हणतो, त्या 'जरा सरि' म्हणतात. एका इकाराचा काय तो फरक. त्यावर शेजारच्या अज्जींनी निकाल दिला की जागा मिळाल्याशी कारण, भाषा कुठली का असेना!

आपल्या घरांतली मुलं शाळेत तिसऱ्याच भाषेत शिकतात. आजीची भाषा त्यांना पुस्तकातून येणार नाही. ती येते खांद्याला खांदा लागून बसल्यावर, आणि थंडी हे अशा बसण्याचं सर्वांत सोपं कारण आहे. संक्रांतीपर्यंतचे शनिवार मोजकेच असतात. गावी कुणी वाट बघणारं असेल तर यंदा ब्लँकेटं, फराळ, औषधं नेलीत तरी चालेल, पण संध्याकाळच्या आत पोचा. शेकोटीशी जागा नसली तरी काळजी नको. दोन्हीपैकी कुठल्याही भाषेत सांगा, माणसं सरकतात.