पॅचला गावाचं नाव, हात कुणाचा?

नाशिकचं नाव द्राक्षांनी आणि कुंभमेळ्याने दूरवर नेलं, तसंच ढोलानेही नेलं. केरळातल्या मिरवणुकांतही तो ‘नाशिक ढोल’ याच नावाने घुमतो. आता हा ढोल ऑक्टोपॅडच्या पॅचमध्ये, म्हणजे त्यात साठवलेल्या आवाजात, आणि संगणकातल्या लूपमध्ये जाऊन बसला आहे. मग घरच्या खोलीत, हेडफोन लावून गाणं रचणाऱ्या तरुणाला कलाकार म्हणायचं की ऑपरेटर? यंदाच्या दिवाळी अंकाच्या आरंभी वाचकांपुढे हाच प्रश्न ठेवावासा वाटतो.

असा वाद पेटीवरूनही झाला होता. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून तिच्यावर बंदी घातली. पेटीतून मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे आक्षेप खरेच होते. बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. मराठी मुलखाने मात्र पेटी सोडली नाही. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला गोविंदराव टेंबे बसत. पुढे पी. मधुकर आले आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मींड नसलेल्या वाद्यातून मींडेचा भास उभा करणं ही या वादकांची कमाई होती. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रोजच्या रियाझाला फोनवरचा तानपुरा लावणाऱ्याला आज कुणी खोटा गवई म्हणत नाही.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी वळलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशी रसिक थक्क झाले, कारण शिकागोच्या ॲसिड हाऊसला जन्म देणारं टीबी-३०३ हे यंत्र मुंबईत त्याआधीच ललत, तोडी वाजवत होतं. यंत्र बाजारात कुणालाही मिळतं. त्यातून ललत काढायचा तर आधी ललत अंगात मुरलेला लागतो.

दरबारीचा गंधार घ्या. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर स्वर म्हणजे एक आडवी पट्टी. ती कोमल गंधारावर ठेवली की स्वर वाजतो, पण दरबारी होत नाही. तो गंधार मंद आंदोलित हवा, रिषभाच्या अंगाने झुलता. त्यासाठी पिच बेंडची वळणदार रेघ माउसने ओढायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा ओढायची. कुठे थांबायचं ते संगणक सांगत नाही. ते कळणारा कान तालमीतच तयार होतो.

ढोलाचं काम आणखी अवघड. पथकात पन्नास ढोल एका ठोक्यावर पडतात, तरी कोणतीही दोन टिपरं तंतोतंत एका क्षणी पडत नाहीत. त्या काही मिलिसेकंदांच्या फरकानेच पथकाचा आवाज भरतो आणि वर ताशाची तर्री खुलते. क्वांटाइझचं बटण दाबलं की सारे ठोके रेघेवर येतात, पन्नास ढोलांचा एकच ढोल होतो. म्हणून जाणता संयोजक एकेक ठोका हाताने मागेपुढे सरकवतो, कुठे जोर वाढवतो, कुठे काढून घेतो.

हे काम संगीताचंच आहे, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. मात्र विकतच्या लूपवर विकतचा लूप चढवून, न लागलेला स्वर ऑटोट्यूनने सरळ करून जे तयार होतं, त्यात निवडीपलीकडे करणाऱ्याचं स्वतःचं काही नसतं. त्यालाही तोच मान देणं तालीम घेतलेल्यांवर अन्याय आहे.

आणखी एक अन्याय मात्र कुणी बोलून दाखवत नाही. पॅचला गावाचं नाव असतं, वाजवणाऱ्याचं सहसा नसतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. गवयाला समाजात मान मिळावा म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. त्यांच्या वास्तव्याच्या गावातला ढोलवादक बिननावाचा विकला जावा, हे पटण्यासारखं नाही. ध्वनिमुद्रण करताना स्टुडिओने वादकांची नावं लिहून घ्यावीत, श्रेयनामावलीत ती छापावीत, पॅचच्या विक्रीतला वाटा त्यांना द्यावा. आणि लूप वापरणाऱ्या तरुणांनी एकदा तरी पथकाच्या सरावाला उभं राहावं. गणपतीच्या कितीतरी आधी हे सराव सुरू होतात आणि नवशिक्याच्या हातातही तिथे टिपरू दिलं जातं.